मंदाच्या मापाचा ओटा

सुभानराव माने वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून उगाच कुणीतरी त्यांना बोल लावायचं. दारू नाही, पत्ते नाहीत, उभ्या जन्मात बायकोवर कधी हात उगारला नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, ते सांगताना मिशी जरा वर जायची, एवढाच काय तो माज. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि नोकरीभर लोखंडाशीच बोलले. निवृत्तीनंतर वर्कशॉपपासून जवळच्याच आपल्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या बैठ्या घरात, बसून गल्लीतल्या लोकांचे कडीकोयंडे दुरुस्त करत. पैसे घेत नसत, चहा घेत.

त्यांची बायको मंदा. ठेंगणी, गोरी, कामाला वाघीण. छातीत दुखतंय ते ती गॅस म्हणून ओवा खाऊन काढत राहिली. किती महिने काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी एक दिवस भाजीच्या लारीशी, हातगाडीवरची वांगी निवडता निवडता तिथेच खाली बसली ती उठेना. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बायपास करावी लागेल, थांबण्यात अर्थ नाही. सुरतेहून मुलगी रसिका धावत आली. ऑपरेशन झालं. नीट झालं. रसिकाची नोकरी नवी, रजा संपली, ती डोळे पुसत परत गेली.

आता खरा प्रश्न पुढे आला. दवाखान्यातून रजा मिळाल्यावर मंदानं राहायचं कुठे?

मंदाचा धाकटा भाऊ दत्ताजीराव डभोईला असतो. बियाण्यांचं दुकान, ऐसपैस घर, बायको नलिनी, दोन सुना. तो वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर सुभानरावांच्या शेजारी बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "दाजी, ताईला आम्ही नेतो. खाली खोली मोकळी आहे. नलिनी म्हणते, ताईंनी पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. दोन महिने माहेरपण करू दे तिला."

झालं. सुभानरावांच्या मस्तकात तिडीक गेली.

"माहेरपण? आजीच्या वयाची झाली ती, दत्ताजीराव. पहिलटकरीण आहे का? आणि माझं घर काय ओस पडलंय?"

"तसं नाही दाजी, पण तुम्ही एकटे..."

"एकटा कसा? ती आहे ना."

दत्ताजीरावानं विषय तिथेच सोडला. भला माणूस, मेव्हण्याशी कोण हुज्जत घालणार.

सुभानरावांचा राग वरवरचा होता. आत काय होतं ते ते कुणाला सांगणार नव्हते, म्हणून इथेच सांगतो. ऑपरेशनच्या दिवशी मंदाला ढकलत आत नेलं आणि ते दार झुलत झुलत बंद झालं, तेव्हा ते त्या दारासमोरच उभे राहिले होते. हातभर अंतरावर बायको आणि आपल्याला काहीही करता येत नाही. पाना नाही, हातोडी नाही, करायला काम नाही. बसा म्हणाले, बसले. इतकं लाचार त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. तिथे बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं होतं की ही जगली तर पुन्हा नजरेआड करायची नाही. आणि आता हा दत्ताजी तिला डभोईला घेऊन जायचं म्हणत होता.

आत मंदाच्या कानावर सगळं पडतच होतं. तिनं नर्सकडून दोघांना बोलावून घेतलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"भांडू नका," ती म्हणाली. "रजा मिळाली की आधी घरी जाऊ. मी घर बघते. राहण्यासारखं असलं तर राहते. नाहीतर तशीच दत्ताबरोबर पुढे जाते."

"असेल," सुभानराव म्हणाले. "असं करतो की बघत राहशील."

डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावून सांगणारे. त्यांनी सुभानरावांना समोर बसवलं. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलंय, ते सांधायला वेळ लागतो. तोवर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. जड उचलायचं नाही. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, वाकायचं नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. आणि आराम, काका, पूर्ण आराम.

सुभानरावांनी मान डोलावली. खांद्याच्या वर नाही, वाकायचं नाही, म्हणजे खांदा आणि कंबर ह्यांच्या मधे जे काही बसेल ते चालेल. हे त्यांना लख्ख समजलं. वर्कशॉपात साहेब असंच तर सांगायचे, ह्याच्या वर नको, ह्याच्या खाली नको, मधे बसव. आराम ह्या शब्दाला काही माप नव्हतं, तो कानावरून गेला.

दुसऱ्या दिवशी ते खिशात टेप घेऊन वॉर्डात आले. व्यायाम घेणारी मुलगी मंदाला धरून उभी करत होती. सुभानराव म्हणाले, "जरा अशीच राहा," आणि टेप सोडून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायला लागले. मग खांद्यापर्यंत. मग हात पुढे करायला लावून मुठीपर्यंत. नर्स बघतच राहिली.

"काका, ब्लाउज सिवडाववो छे?" तिनं विचारलं.

"ब्लाउज नहीं बेन," सुभानराव गंभीरपणे म्हणाले. "घर."

मंदा हसली. हसताना छाती दुखली म्हणून उशी धरली, तरी हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"नक्की काय चाललंय? मोरीत रेलिंग लावताय का?"

"तेही लावतो. तू फक्त लवकर बरी हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस कधी साडी आणायचा नाही, गजरा आणायचा नाही, लग्नाचा वाढदिवस तर रसिकानं आठवण केल्याशिवाय कळायचा नाही. पण माप घेतोय म्हणजे काहीतरी करतोय. तिला वाटलं, आपण उगाच डभोई डभोई करतोय.

सुभानराव कामाला भिडले. मोरीत रेलिंग लागली, संडासात लागली, तीही अशी पक्की की हत्ती धरून उभा राहील. पण ते सगळं किरकोळ. खरं काम होतं स्वयंपाकघरात.

तो ओटा घर बांधताना मिस्त्रीनं घातलेला. मंदा तेव्हाच म्हणाली होती, मला उंच होतो, चार बोटं खाली घ्या. सुभानराव म्हणाले होते, मिस्त्रीचं माप ठरलेलं असतं, त्यात आपण नाक खुपसू नये. मग तिनं एक लाकडी पाट घेतला आणि त्यावर उभी राहून पोळ्या लाटायला लागली, ती आजतागायत. आता छातीला टाके असलेल्या बाईनं पाटावर चढायचं म्हणजे केवढी जोखीम. सुभानरावांनी तो पाट उचलून बाजूला ठेवायला घेतला. वरचा रंग पार उडालेला, जिथे पावलं यायची तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं. ते तो पाट मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले आणि रडले. रेल्वेचे डबे केसाइतका फरक खपवून न घेता बसवले आणि घरातल्या बाईला जन्मभर पाटावर उभं ठेवलं. लाज वाटली त्यांना. खरीखुरी, आतून.

मग छिन्नी हातोडा घेतला आणि ओटा फोडला.

जुन्या सोबत्याकडून वेल्डिंगचं मशीन आणलं. लोखंडी अँगलचा सांगाडा केला, त्यावर तीच काळी फरशी बसवली, बरोबर मंदाच्या कोपराच्या मापात. शेगडी त्यावर आली. भिंतीवरची भांड्यांची मांडणी उतरवून तिच्या खांद्याखाली घेतली. मोठे डबे तिला उचलवणार नाहीत म्हणून छोटे डबे आणले आणि पीठ, तांदूळ, डाळी थोडं थोडं भरून ते ओळीनं लावले. पाण्याच्या माठाला तोटी बसवली. मोठ्या कुकरच्या जागी धाकटा कुकर. कणीक मळताना छातीवर जोर येणार, तर मळायचं यंत्र आणलं. आणि सगळ्यात नामी कल्पना म्हणजे खुर्ची. जुन्या ऑफिसखुर्चीची चाकं, पाठ टेकायला गादी, उंची अशी की बसल्या बसल्या पोळी लाटता यावी, तव्यावर टाकता यावी, नुसतं सरकलं की कुकरपाशी. ती खुर्ची पूर्ण झाली तेव्हा सुभानराव स्वतः तिच्यात बसून इकडून तिकडे सरकले आणि शाबासकी द्यायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच म्हणाले, "वा रे पठ्ठ्या."

पुढच्या खोलीतला झोपाळा तेवढा काढावा लागला. ओट्याचा सांगाडा दारातून आत नेताना आडवा येत होता, आणि झोपाळ्याचा हिसका छातीला बसला तर? असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. पण सुभानरावांना सुचलं, आणि सुचलं की करायचं, हा त्यांचा स्वभाव. झोपाळा गच्चीवर गेला. दुपारची भांडी आटोपल्यावर मंदा त्यावर पाय वर घेऊन घटकाभर बसायची. तेवढीच काय ती ती बसायची.

ह्या सगळ्या दिवसांत ते जेवत काय होते? शेजारची मितालीबेन दोन्ही वेळा डबा आणून देत होती. शाक, रोटली, डाळ, भात. डाळीत गूळ. सुभानराव गोड डाळ बघून तोंड वाकडं करायचे आणि वाटी पुसून खायचे. एकदा मितालीबेन सगळं बघत उभी राहिली. ओटा बघितला, खुर्ची बघितली.

"बहु सरस कर्युं छे, काका," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मंदामासी आल्या तरी डबा चालू ठेवू ना?"

"कशाला? ती आली की काय प्रश्न आहे. सगळं तिच्या हाताशी केलंय."

मितालीबेन काहीतरी बोलणार होती. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं, असं वाटून ती रिकामा डबा घेऊन गेली.

रसिकाचा रोज फोन यायचा. "बाबा, स्वयंपाकाला बाई बघू का? माझ्या मैत्रिणीच्या ओळखीची आहे एक."

"तुझ्या आईला परक्या बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं खपतं का? तूच सांग."

रसिकानं ते मान्य केलं, कारण ते खरंच होतं. मंदाला नव्हतंच खपत. पण ते धडधाकट असतानाचं झालं, हे बापलेकींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सांगायला आई तिथे नव्हती.

रजा मिळायच्या आदल्या दिवशी सुभानराव वॉर्डात गेले तर मंदा उशीला टेकून चहा पीत होती. चेहऱ्यावर थोडी लाली आली होती.

"अहो, इथे सकाळी डोळे उघडले की चहा हातात येतो," ती म्हणाली. "मागावाही लागत नाही. ती मावशी येते, म्हणते, उठा मंदाबेन, चहा. पहिल्या दिवशी मला कळेचना काय करायचं. मी आपली तिलाच विचारतेय, तुमचा झाला का?"

"हा काय चहा म्हणायचा?" सुभानरावांनी कपात डोकावून बघितलं. "नुसतं गढूळ पाणी. तू घरी ये, मग आलं घालून तुझ्या हातचा पिऊ दोघं."

मंदानं त्यांच्याकडे बघितलं. कप रिकामा होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दत्ताजीरावानं गाडी आणली होती. मंदाला मागच्या सीटवर नीट बसवलं, उशी छातीशी दिली, आणि गाडी खड्डे चुकवत चुकवत प्रतापनगरच्या गल्लीत शिरली. मितालीबेन दारातल्या पायरीवर तांब्या घेऊन उभी होती, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दत्ताजीराव म्हणाला, मी गाडीपाशी थांबतो, तुम्ही दोघं बघून घ्या. मंदा सुभानरावांचा हात धरून सावकाश आत आली.

आत आली आणि थांबली.

"झोपाळा कुठाय?"

"गच्चीवर. त्याचा हिसका बसला असता तुला. तू चल तर आधी."

"जरा बसते हो. दम लागलाय."

सुभानरावांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मोठे डबे, जुना कुकर, उतरवलेली भांडी, वेल्डिंगची वायर, सगळं त्यांनी आतल्या खोलीत पलंगावर मांडून ठेवलं होतं. काल रात्री हलवायचं म्हणता म्हणता राहून गेलं. स्वयंपाकघर आरशासारखं लखलखत होतं आणि आजारी बाईला आडवं व्हायला घरात जागा नव्हती.

"ते लगेच उचलतो मी. तोवर आत चल, तिथे खुर्ची आहे."

मंदा आत गेली. खुर्चीत बसली. ओट्यावर हात ठेवला, कोपर बरोबर टेकलं. तिनं फरशीवरून तळवा फिरवला. मांडणीकडे बघितलं, डब्यांच्या ओळीकडे, माठाच्या तोटीकडे, मळायच्या यंत्राकडे. सुभानराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यात त्यांनी कुणाच्या तोंडून शाबासकीची इतकी वाट बघितली नव्हती.

"सगळं माझ्या मापाचं," ती हळूच म्हणाली.

"मग? तुला सांगितलं नव्हतं? काही म्हणता काही वर नाही, काही खाली नाही. उठायचीसुद्धा गरज नाही. बसल्या जागी पोळ्या. थांब, आज चहा मी करतो. तू फक्त बघ."

त्यांनी पातेल्यात दूध ओतलं, शेगडी पेटवली. ओटा त्यांना पार कंबरेखाली येत होता, कंबरेत वाकून उभं राहावं लागत होतं, पण आज त्याचं काही नव्हतं. दूध ठेवलं आणि वळून मळायचं यंत्र दाखवायला लागले. इथे पीठ घालायचं, इथे पाणी, हे बटण दाबलं की झालं, हाताला पीठ लागणार नाही, हे झाकण तुझ्यासाठी मी हलकं करून घेतलंय. बोलतच राहिले. पाठ शेगडीकडे होती.

दूध वर आलं.

मंदानं ते बघितलं. तिनं काही ठरवलं नाही, विचार केला नाही. जन्मभराची सवय, दूध वर आलं की हात जातोच. ती झटक्यात खुर्चीतून उठली, वळली आणि तिनं कळ फिरवली. शेगडीची कळ तिच्या हाताच्या टप्प्यातच होती. सुभानरावांनीच ती तिथे आणून ठेवली होती.

छातीत कळ उठली तशी ती मटकन खाली बसली. आवाजही नीट फुटला नाही, नुसतं "आई गं" एवढं ओठातल्या ओठात. तोंड पांढरंफटक. सुभानरावांच्या हातातलं झाकण खाली पडलं. उशी कुठे आहे ते त्यांना दिसेना. उशी पुढच्या खोलीत राहिली होती. ते धावत गेले, धावत आले, तिच्या छातीशी उशी धरली आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसून राहिले. पाठीवर हात ठेवावा की न ठेवावा, पाणी द्यावं की न द्यावं, काही कळत नव्हतं. आवाज ऐकून दत्ताजीराव आत आला आणि दारातच थबकला.

हळूहळू तिचा श्वास ठिकाणावर आला. टाके शाबूत होते. पण तिच्या कपाळावरचा घाम सुकला नव्हता.

"डॉक्टरांना फोन करू?" सुभानरावांनी विचारलं.

"नको. गेली कळ." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार राबलात हो. खोटं नाही सांगत, सुरेख झालंय. घर बांधलं तेव्हा मी हेच मागत होते."

"मग राहा ना."

"कशी राहू? हात लावू नको म्हणून सांगायला डॉक्टर, आणि हात पुरावा म्हणून हा ओटा. कुणाचं ऐकू मी?"

सुभानराव तिच्याकडे बघत राहिले. तिच्या मागे त्यांचा ओटा होता, त्यांची मांडणी होती, ओळीनं लावलेले डबे होते, आणि आता त्यांना ते दिसलं. आपण आजारी बायकोसाठी घर तयार केलं नाही. आजारी बायकोनं काम करावं म्हणून घर तयार केलं. सगळा विचार केला. कणीक तिनं कशी मळावी, पोळी तिनं कशी लाटावी, कुकर तिनं कसा उचलावा. कुणी करावं, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि तो मारुतीही आपल्याच हातानं, आपल्याच मापात.

"बाई ठेवतो," ते घाईघाईनं म्हणाले. "रसिका म्हणत होती. आत्ता फोन करतो. मितालीबेनला डबा सांगतो. मी शिकतो मंदा. त्यात काय एवढं? चहा, भात, मी शिकतो."

"शिका की."

"मग?"

"बाई येईल आणि मीठ कुठे म्हणून मला विचारेल. तुम्ही भाताला पाणी किती म्हणून मला विचाराल. आणि तुम्ही नाही विचारलंत तरी मी आतून ऐकत पडेन, दूध उतू गेलं का, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या." ती थांबली. एवढं बोलूनही तिला धाप लागली होती. "चिडून नाही म्हणत हो. खरंच नाही. माझ्यात आता उठायची ताकद नाही आणि ह्या घरात मला बसवत नाही."

सुभानरावांना पुष्कळ बोलायचं होतं. तू गेलीस तर मी काय करू. तू तिथे असताना काही झालं तर. त्या झुलत्या दाराबाहेर मी कसा बसलो होतो ते तुला माहीत नाही. ह्यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. त्यांनी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला. तिचाच पदर, तोही त्यांनी आधी तिला विचारून हातात घेतला.

"दत्ताजीराव," ते म्हणाले, "गाडी दाराशी घ्या. अगदी लागून घ्या, तिला चालायला नको."

मितालीबेन बाहेर उभीच होती. सुभानरावांनी मंदाला धरून पायरी उतरवली, डोकं आपटू नये म्हणून गाडीच्या दारावर हात ठेवला, तिला बसवलं, उशी दिली, पायाशी पिशवी ठेवली. गोळ्या कुठल्या सकाळच्या आणि कुठल्या रात्रीच्या ते दत्ताजीरावाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा दत्ताजीराव म्हणाला, "कळलं दाजी. नलिनी बघेल सगळं. तुम्ही काळजी करू नका."

"नाही करत," सुभानराव म्हणाले.

मंदानं काच खाली केली. ते दाराला धरून वाकले. एवढा उंचापुरा माणूस, फौजेतल्या पणजोबाचं नाव सांगणारा, आणि आवाज असा आला की दत्ताजीरावानं मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"मंदा, मी येऊ का बरोबर? बाहेरच्या खोलीत झोपेन. कुणाला त्रास देणार नाही."

मंदानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. जन्मभर ह्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर मला तिथेही उठावं लागेल."

सुभानरावांनी मान हलवली आणि दार सोडलं.